थंडी येण्याअगोदर : घरचे नळ, गच्चीवरचा सोलर आणि न्हाणीघराची खिडकी



दिवाळी सरली, बॉयलर पेटला, ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरल्या की आपल्याकडे थंडीचे दिवस सुरू होतात. तोडीचा नंबर कधी लागणार, गाडी कधी येणार, खोडव्याला पाणी कधी द्यायचे या धांदलीत घराच्या गच्चीवर काय चालले आहे ते बघायला कोणालाच सवड नसते. विहिरीवरची मोटर बंद पडली तर आपण भर रात्री वायरमनचे दार वाजवतो. पण गेल्या थंडीत न्हाणीघराच्या खिडकीला वारा लागतो म्हणून लावलेला पुठ्ठा अजून तसाच आहे काय, असे विचारले तर घरातल्या चार माणसांची चार उत्तरे येतात. या लेखात नळांविषयी आणि सोलरविषयी बरेच सांगायचे आहे. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या पुठ्ठ्याची आहे, एवढे आताच सांगून ठेवतो.

प्रथम नळ. थंडीने नळ फुटतो असे कोणी सांगितले तर आपल्याकडचा माणूस हसेल. पण गावात एखादा तरी असा निघेल की तो हसणार नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे मिलिटरी घ्या, नाहीतर माण-खटावकडचे एखादे गाव घ्या, लडाख-काश्मीरकडे नोकरी करून आलेले पेन्शनर पारावर भेटतातच. त्यांना विचारा. लेहच्या बाजूला कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावरच्या नळीत पाणी ठेवताच येत नाही. नळी खोल पुरावी लागते, नाहीतर वापर झाला की रिकामी करावी लागते, आणि त्याच्याही वर गेले की बर्फ वितळवून पाणी करावे लागते.

याचे कारण पाण्याच्या एका विचित्र स्वभावात आहे. बहुतेक वस्तू थंड होत गेल्या की आक्रसत जातात. पाणीही आक्रसते, पण ४ अंशांपर्यंतच. त्याखाली गेले की ते उलट फुगू लागते, आणि शून्यावर त्याचे बर्फ होताना एकदम शेकडा ९ ने वाढते. म्हणजे १० लिटर पाण्याचे जवळजवळ ११ लिटर बर्फ होते. नळीला दोन्हीकडून कोंडले असेल तर या वाढलेल्या लिटराने जायचे कुठे? लोखंडी नळीसुद्धा त्या जोराने उभी चिरते. गंमत अशी की नळी पुष्कळदा बर्फ झाले तिथे फुटत नाही. बर्फाचा बुच आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकते त्याच्यावर दाब चढतो आणि तिथे ती फुटते. म्हणून थंड मुलखातले लोक रात्री तोटी थोडी सैल सोडून पाण्याची बारीक धार चालू ठेवतात. पाणी हलते राहते, आणि दाबाला वाट मिळते.

हे लांबच्या मुलखाचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपली मुले आता लांबच्या मुलखात आहेत. अमेरिकेतील टेक्सास हा उष्ण प्रांत. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी कुटुंबे पुष्कळ. तेथे २०२१ च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की लाखो घरांची वीज गेली, घरे आतून गारठली, आणि माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेल्या नळ्या गोठून फुटल्या. घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. नळ्यांना थंडीचे पांघरूण घालायचे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. ज्यांना घराचा मुख्य कॉक कुठे आहे हे ठाऊक होते त्यांनी तो लगेच बंद केला. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्या घरात छतातून पाणी पडत राहिले. तुमच्या घराचा मुख्य कॉक कुठे आहे? तो फिरतो का? आपल्याकडे बहुतेक घरांत तो एकदा बसवला की पुढे कोणी हात लावत नाही, आणि गरज पडते त्या दिवशी तो गंजून जाम झालेला असतो. लेख वाचून झाला की तेवढा एकदा फिरवून बघावा.

आता आपल्याच जिल्ह्यात या. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळा भागात थंडीच्या दिवसांत पहाटे दव गोठते. पानांवर, गाड्यांच्या टपांवर, बोटींच्या धक्क्यावरच्या फळ्यांवर पांढरे हिमकण दिसतात. वर्तमानपत्रात फोटो येतो आणि शेजारीच बातमी असते की महाबळेश्वरचे तापमान इतके अंश, आणि तो आकडा शून्याच्या बराच वर असतो. मग लोक विचारतात, हे कसे? शून्याच्या वर बर्फ कसा होतो?

होते असे, की तापमापक हवेची थंडी सांगतो, पानाची सांगत नाही. रात्री आभाळ निरभ्र असले आणि वारा पडलेला असला की उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली ऊब वर आकाशाकडे टाकत राहते. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीच ऊब परत पाठवली असती. निरभ्र रात्री परत येते ती फार थोडी. म्हणून पान, पत्रा, काच या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त गार होऊ शकतात. शिवाय गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत सखल जागी येऊन साठते, आणि तळ्याचा काठ म्हणजे सखल जागा. द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात तो याच कारणासाठी.

हा आकाशाकडे ऊब टाकण्याचा प्रकार नीट लक्षात घ्यावा, कारण आपल्या गच्चीवरचा सोलर हा अगदी असाच उघड्यावर, आकाशाकडे तोंड करून पडलेला असतो. दिवसा तो सूर्याची ऊब घेतो आणि रात्री तोच पृष्ठभाग ऊब टाकतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे कोणाचे घर असेल आणि तिथे सपाट पत्र्याचा, तांब्याच्या नळ्यांचा सोलर असेल, तर हवा ४-५ अंशांवर असतानाही त्या बारीक नळ्यांतले पाणी गोठून नळी फुटू शकते. तिथे काचनळ्यांचा सोलर बरा. घर बंद ठेवून खाली यायचे असेल तर पाणी पूर्ण सोडून द्यावे.

खाली कृष्णाकाठी, कराड-इस्लामपूर-सांगलीकडे, एवढी भीती नाही. येथे पहाटेचा पारा दहा-बारापर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी आणखी थोडा खाली जातो. नळ फुटत नाही. आपल्याकडे जे बिघडते ते वेगळे आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पहिला सोलर बसवला त्या थंडीत संध्याकाळी पाणी हाताला चटका द्यायचे आणि पहाटे पाचला कोमट सुद्धा नसायचे. रात्रीच्या लाईटवर रानात पाणी पाजून, पाय बधिर करून घरी यायचे, आणि तोटी सोडली की गारढोण पाणी. आई म्हणायची, "आरं, रातीत कोण पितंय का काय ह्ये ऊन पाणी?" बसवणाऱ्याला बोलावले तर तो म्हणाला, थंडी जास्त आहे, चालायचेच. दोन वर्षांनी दुसऱ्या एका मिस्त्रीने वर चढून बघितले आणि दोन मिनिटांत दोष काढला. टाकी पत्र्याच्या बरोबरीने बसवली होती, वर उचललेली नव्हती.

या सोलरमध्ये पंप नसतो. पत्र्यातले पाणी तापले की हलके होऊन वर टाकीत चढते, आणि टाकीच्या तळाचे गार पाणी खाली पत्र्यात येते. दिवसभर असे चक्र चालते. रात्री पत्रा गार पडतो. टाकी जर पत्र्याच्या माथ्यापेक्षा उंच नसेल तर चक्र उलटे फिरू लागते. पत्र्यातले गार, जड पाणी टाकीच्या तळाशी जाते आणि टाकीतले तापलेले पाणी पत्र्यात येऊन आकाशाला ऊब वाटत बसते. म्हणजे दिवसभर कमावलेले रात्री उधळले. टाकीचा तळ पत्र्याच्या वरच्या कडेपेक्षा साधारण एक फूट उंच असला की हे होत नाही. आम्ही टाकीखाली लोखंडी चौकट घालून ती उचलली. त्यानंतर आईने पाणी पिणाऱ्याची चौकशी केली नाही.

काचनळ्यांच्या सोलरमध्ये हा दोष कमी असतो, कारण ती नळी थर्मासच्या बाटलीसारखी असते. दोन काचा आणि मध्ये निर्वात पोकळी. ती पोकळी शाबूत आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. नळीच्या बंद टोकाशी आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आणि ती नळी निकामी झाली असे समजावे. पंधरा-वीस नळ्यांपैकी दोन-तीन अशा निघाल्या तर तेवढ्याच बदलून मिळतात, सबंध सोलर बदलायची गरज नसते. एक खबरदारी मात्र घ्यावी. टाकी रिकामी होऊन नळ्या उन्हात कोरड्या तापल्या असतील तर भर दुपारी त्यांत गार पाणी सोडू नये, काच तडकते. पाणी भरायचे ते पहाटे, ऊन पडण्याअगोदर.

दुसरी तक्रार म्हणजे "उन्हाळ्यात पाणी उकळतं, थंडीत जेव्हा पाहिजे तवा तापत न्हाई." येथे वर सूर्याकडे बघावे. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तो भर दुपारी बारालासुद्धा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो. त्यामुळे दहा फूट उंचीच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली दुपारी बाराला साडेआठ फूट उत्तरेकडे पडते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट लांब. उन्हाळ्यात सोलर बसवताना जी सावली कोणाला दिसली नाही ती थंडीत बरोबर पत्र्यावर येऊन बसते. शेजारच्या नारळाने वर्षभरात काढलेली नवी झावळीही तेवढेच काम करते. एका रविवारी सकाळी नऊ, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावली बघून यावी. सोलरचे तोंड दक्षिणेला आणि तिरकेपणा साधारण ३० अंश असला म्हणजे आपल्या भागात थंडीचे ऊन चांगले मिळते.

काजळीविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण ती आपल्याच घरची आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या आणि गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून उडालेली चिपाडाची काळी राख वाऱ्याच्या अंगाला असलेल्या गावांवर पडते, वाळत घातलेल्या धोतरावर पडते तशी सोलरच्या काचेवरही पडते. ज्यांची घरे त्या बाजूला आहेत त्यांनी हंगामभर आठवड्यातून एकदा काच ओल्या फडक्याने पुसावी. तेही पहाटे, काच गार असताना. तापल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतू नये.

पाण्याचा जडपणा हा आपल्याकडचा तिसरा शत्रू. काळ्या रानातल्या कित्येक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, आणि भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. तोच थर सोलरच्या नळ्यांत आणि गीझरच्या काँईलवर धरतो. तांब्याच्या बारीक नळ्या तर आतून बुजतच जातात. सोय असेल तर गरम पाण्याच्या टाकीला नदीवरच्या योजनेचे पाणी जोडावे आणि बोअरचे पाणी बाकीच्या वापराला ठेवावे. थर काढायचे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे. घरातले अॅसिड ओतून प्रयोग करू नये.

सोलरच्या टाकीवरून एक उभी नळी आकाशाकडे गेलेली असते आणि तिचे तोंड उघडे असते. तिच्यात पाल जाते, कचरा पडतो म्हणून काही लोक तिला टोपण घालतात. असे कधीही करू नये. पाणी तापले तरी फुगते. १५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेले तर १५ लिटरच्या गीझरमध्ये ते जवळजवळ पाव लिटरने वाढते, आणि सोलरच्या मोठ्या टाकीत त्याच्या कितीतरी पट. त्या वाढलेल्या पाण्याला आणि वाफेला ती नळी म्हणजे वाट. उलट टाकी रिकामी होताना हवा आत यायलाही तीच वाट. ती बुजली तर टाकी एक तर फुगून फाटते, नाहीतर आत पिचकते. कचऱ्याची भीती असेल तर तोंडाला बारीक जाळी बांधावी. विजेच्या गीझरलाही असाच दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. त्यातून कधी थेंब गळतात म्हणून त्याला बुच मारणारे महाभाग मी पाहिले आहेत.

नळ्यांविषयी थोडक्यात. गरम पाण्याला साधी पांढरी पीव्हीसी नळी चालत नाही. ती मऊ पडून लोंबते, जोड सुटतात. त्यासाठी सीपीव्हीसी किंवा जस्ताची लोखंडी नळी घ्यावी. गच्चीवरच्या उघड्या पीव्हीसी नळ्या उन्हाने ठिसूळ होतात आणि मग एखादे दिवशी पोराचा पाय लागला की काडीसारख्या मोडतात. लोक म्हणतात थंडीने तडकली. ती चार उन्हाळ्यांनी तडकलेली असते. तिच्यावर पांढरा रंग मारला तरी आयुष्य वाढते. सोलरपासून न्हाणीघरापर्यंतची नळी जितकी आखूड तितकी चांगली. पाऊण इंची चाळीस फूट नळीत जवळजवळ चार लिटर पाणी मावते. पहाटे तोटी सोडल्यावर अगोदर हे रात्रभर गारठलेले चार लिटर बाहेर येते, आणि मगच गरम. ते मोरीत सोडू नये, बादलीत धरून विसणाला वापरावे.

या नळीला गोणपाट गुंडाळायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याविषयी एकच सांगतो. वाकळ ऊब देत नाही, अंगात असलेली ऊब टिकवते. तसेच नळीचे. आणि वाकळ ओली झाली तर काय होते? दवाने किंवा गळतीने भिजलेले गोणपाट नळीला ऊब तर देत नाहीच, उलट माठासारखे काम करून तिला आणखी गार करते. कारखान्यात वाफेच्या नळ्यांवर लॅगिंग असते आणि त्याच्यावरून पत्रा असतो, तो लॅगिंग कोरडे राहावे म्हणूनच. घरी फोमची नळी मिळते ती चढवून वरून चंदेरी पट्टी गुंडाळावी, म्हणजे ऊन आणि पाणी दोन्ही लागत नाही. पाचट मात्र गुंडाळू नये. त्यात उंदीर होतात, आणि ठिणगी पडली तर निमित्तच.

आता पुठ्ठ्याकडे येतो.

पूर्वी आपल्याकडे तांब्याचा बंब परसदारी किंवा सोप्याच्या बाहेर पेटायचा. शेणी, तुरकाट्या, मक्याची बुरकुंडे, जे असेल ते त्यात जायचे. धूर डोळ्यांत जायचा म्हणून तो बाहेर ठेवत. पाणी घंगाळात काढून आत न्यायचे आणि विसण घालून आंघोळ करायची. धुराचा त्रास होता, पण त्या त्रासामुळेच माणसे वाचत होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. मग गॅसचा गीझर आला. ना धूर, ना राख, बटण फिरवले की धो-धो गरम पाणी. धूर नाही म्हणून तो थेट न्हाणीघराच्या आत भिंतीवर बसला. आणि थंडी लागते म्हणून खिडकीला पुठ्ठा बसला.

हिशेब बघा. स्वयंपाकाच्या एका शेगडीपेक्षा गॅसचा गीझर पाच-सहा पट ज्वाला जाळतो. जोराने चालवला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस. एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आपले न्हाणीघर चार बाय सहा फुटांचे, आठ फूट उंच, म्हणजे त्यात हवा सारी साडेपाच घनमीटरच्या आत. दहा मिनिटे गीझर चालला तर तो सुमारे दोन घनमीटर हवा वापरतो, म्हणजे खोलीतल्या हवेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. दार बंद, खिडकीला पुठ्ठा, आणि आत माणूसही श्वास घेतो आहे. हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातला जो तांबडा घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही.

"गॅसचा वास तर आला नव्हता" असे लोक नंतर सांगतात. तो वास न जळलेल्या गॅसला मुद्दाम दिलेला असतो. जळलेल्या गॅसला वास नसतो. वास नाही म्हणजे धोका नाही, असे नाही.

आमच्या भावकीतला प्रकार आहे. घरात लग्नाची पाहुणेमंडळी, थंडीचे दिवस, सकाळी एकापाठोपाठ एक आंघोळी. पहिल्या तिघांना काही झाले नाही. तिसऱ्याचे डोके जरा जड झाले, पण जागरणाने असेल म्हणून त्याने सोडून दिले. शेवटी घरातली सून आत गेली. डोक्यावरून न्हायची होती, आणि तिथेच चार कपडे धुवून घेऊ म्हणून तिने गीझर चालू ठेवला. पाणी पडतंय पण आवाज येत नाही म्हणून सासूने हाक मारली, मग दार ढकलले. नशिबाने कडी जुनी होती. आतून झटके येत होते. कोणी म्हणाले फिट आली, कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल आणली. एका माजी सैनिकाने सगळ्यांना बाजूला सारून तिला चादरीत गुंडाळून उचलले आणि अंगणात मोकळ्या हवेत आणून ठेवले. थंडीच्या ठाण्यावर बुखारी पेटवून बंद खोलीत झोपायचे नाही, झरोका उघडा ठेवायचा, हे त्याला नोकरीत पहिल्या हिवाळ्यात शिकवले होते. दवाखान्यात तिला प्राणवायू दिला आणि ती बरी झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "घरात पाणी कशावर तापवता?"

गीझरमुळे न्हाणीघरात झटके येऊन पडलेल्या माणसांना फिट येते असे समजून वर्षानुवर्षे फिटेच्या गोळ्या चालू राहिल्याचे प्रकार डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. आंघोळीच्या वेळीच डोके दुखते, मळमळते, घेरी येते, पायांतले बळ जाते आणि बाहेर आल्यावर थोड्या वेळात बरे वाटते, असे घरात कोणाला होत असेल तर अगोदर गीझरवर संशय घ्यावा. आणि आपल्या घरांत शेवटी आंघोळीला जाणारी, जास्त वेळ आत राहणारी बहुतेक वेळा घरची बाईच असते, हे पुरुष मंडळींनी ध्यानात घ्यावे.

उपाय खर्चाचा नाही. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत, पावसापासून आडोशाला भिंतीवर लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. दहा-पंधरा फूट सीपीव्हीसी नळी आणि प्लंबरचे एका दिवसाचे काम. सिलेंडरही अर्थातच बाहेर. हे होईपर्यंत आज संध्याकाळपासून एवढे करता येते : दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, आणि मग आत जाऊन दार लावावे. म्हणजे जुन्या बंबाचीच रीत. खिडकीचा पुठ्ठा काढावा. वरची जाळी उघडी ठेवावीच, पण दाराच्या खालच्या बाजूलाही हवा आत यायला फट किंवा जाळी हवी. नुसता हवा ओढणारा पंखा लावून उपयोग नाही, हवा आत यायला वाट नसेल तर तो ओढणार काय? गीझरची ज्वाला निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर तो साफ करून घेईपर्यंत वापरू नये. म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी आतून कडी घालू नये, नुसते दार लोटून घ्यावे.

बंब ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी तो आत आणू नये, आणि थंडीत कोळशाची शेगडी बाळंतिणीच्या खोलीत ठेवून दार लावून घेऊ नये. वायू तोच आहे.

राहिला विजेचा रॉड. टोळीच्या कोपीपासून बंगल्यापर्यंत सगळीकडे तो आहे, कारण तो स्वस्त आहे. रॉड अगोदर बादलीत सोडावा, पाणी त्याच्या खुणेच्या वर आहे हे बघावे, आणि मगच बटण दाबावे. पाणी तापले काय हे बघायला बोट घालायचे असेल तर अगोदर बटण बंद करून पिन काढावी. लोखंडी बादली वापरू नये. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून तर रॉडला हातच लावू नये. घरच्या मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचे अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घेतले तर वीज अंगात जाऊ लागताच ते पुरवठा तोडते.

आणि घराची अर्थिंग एकदा तपासून घ्यावी. मीठ-कोळसा घालून केलेला खड्डा पावसाळ्यात ओला असतो, पण दिवाळीनंतर सुकत जातो, आणि सुकी माती वीज नीट ओढून घेत नाही. बऱ्याच घरांत तो खड्डा आता फरशीखाली गेला आहे किंवा त्याच्यावर गोठा झाला आहे. तो कुठे आहे ते वडीलधाऱ्यांना विचारून शोधून काढावा, आणि थंडीभर दर आठ दिवसांनी त्यात दोन घागरी पाणी ओतत जावे.